सहा फ्लॉप्या बाजूला राहिल्या: बीबीसी मायक्रोच्या एफपीजीए प्रतिकृतीला इथरनेट जोडतानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

केंद्र सरकारनं १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. त्यात निवडलेल्या माध्यमिक शाळांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक मिळाला. डिसेंबर १९८१ मध्ये आलेलं हे यंत्र. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, मॉडेल बीमध्ये ३२ किलोबाइट रॅम, आणि सुरू करताच समोर येणारं उत्तम बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. इंदूरच्या एका शाळेत ही यंत्रं आली तेव्हा त्या खोलीची किल्ली गणिताच्या एका शिक्षकांकडे दिली गेली. त्यांना मी इथे नुसतं 'सर' म्हणतो. मी त्यांचा विद्यार्थी. आता इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करतो.

सरांनी त्या यंत्रावर एकेचाळीस प्रोग्राम लिहिले. पाढे, त्रिकोणमितीचे आलेख, भिंगातून जाणारे किरण, वर्गाचं गुणपत्रक. त्यातल्या बऱ्याच प्रोग्रामांत मजकूर देवनागरीत दिसतो. बीबीसी मायक्रोत २२४ ते २५५ या ३२ अक्षरांचे आकार ८ बाय ८ ठिपक्यांत आपण बदलू शकतो, आणि त्यासाठी जास्तीची मेमरी लागत नाही. सरांनी त्या ३२ घरांत अख्खी कामापुरती देवनागरी बसवली होती. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्ध्या अक्षरांना सरळ काट. आजही ती पडद्यावर उमटते तेव्हा मला आठवीतला तो अंधारा, पंख्याच्या आवाजाचा वर्ग आठवतो.

शाळेची यंत्रं कधीच भंगारात गेली. सव्वापाच इंची फ्लॉप्या मात्र सरांच्या रामबागेतल्या घरी लोखंडी कपाटात राहिल्या. काही वर्षांपूर्वी आम्ही त्या वाचून घेतल्या आणि यंत्र नव्यानं उभं केलं. एफपीजीए ही अशी चिप असते की तिच्या आतली जोडणी आपण लिहून ठरवतो. इम्युलेटरमध्ये एक प्रोग्राम जुन्या यंत्राचं वागणं वठवतो. एफपीजीएत जुन्या यंत्राचं सर्किटच पुन्हा तयार होतं. आम्ही टँग नॅनो २०के हे बोर्ड घेतले. त्यावर २०,७३६ लुकअप टेबलं (सर्किट घडवायचे छोटे घटक), २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि एचडीएमआय आहे. बीबीसी मायक्रोची मांडणी इतरांनी खुल्या स्वरूपात केलेली होतीच. ती आमच्या गरजेप्रमाणे बदलून बोर्डांवर चढवण्याचं काम सरांच्या नातीनं केलं. ती इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला काका म्हणते, सरांना आबा.

अडचण

चार बोर्ड झाले आणि प्रत्येकाला आपलं एसडी कार्ड. सर दुपारी बसून एखाद्या प्रोग्राममधली चूक दुरुस्त करत, ती एका कार्डात राही आणि उरलेल्या तिन्हींत जुनंच. महिन्याभरात कुणालाच सांगता येईना की भिंगाच्या प्रोग्रामची खरी प्रत कुठली. एकदा तर नव्यावर जुनं लिहिलं गेलं आणि सरांचं दोन दिवसांचं काम गेलं. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "अरे, चार यंत्रं आणि चार सत्यं असं नको. कपाट एकच हवं. चौघांनी त्यातून घ्यावं."

म्हणजे एक फाइल सर्व्हर (सगळ्या फाइली एका जागी ठेवणारा संगणक) आणि चारही यंत्रांना इथरनेट, म्हणजे तारेचं नेटवर्क. दिवाळीनंतर शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, तिथे चार यंत्रं मांडायची होती. आमच्या हातात साधारण चार महिने होते. सरांच्या अटी दोन. कीबोर्डवर बसलेल्या मुलानं जुनेच हुकूम टाइप करावेत, म्हणजे यादीसाठी '*कॅट' आणि प्रोग्रामसाठी 'लोड'. आणि त्यांच्या प्रोग्रामची एकही ओळ बदलायची नाही.

पर्याय

या कामात सगळा प्रश्न एकच असतो: जुनं यंत्र कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं. ती रेघ कुठे मारायची, यावर आम्ही तीन आठवडे बोललो.

एक वाट अशी होती की रेघ अगदी तारेपाशी मारावी. लॅन८७२० सारखी फक्त सिग्नल हाताळणारी चिप लावायची आणि फ्रेम (तारेवरून जाणारं माहितीचं पाकीट) बनवणं, सीआरसी (चूक ओळखणारा आकडा) काढणं, अंतर राखणं हे सगळं एफपीजीएत लिहायचं. नातीला हे फार आवडलं होतं, आणि शिकण्यासाठी खरंच सुंदर आहे. पण त्या चिपला नऊएक पिना लागतात, ५० मेगाहर्ट्झचं स्वतंत्र घड्याळ येतं, आणि त्या घड्याळातून आमच्या ४८ मेगाहर्ट्झच्या घड्याळात माहिती सुखरूप आणायची तर मध्ये खास रांग बांधावी लागते. एवढं करूनही हातात फक्त कच्ची फ्रेम येते. आयपी, एआरपी, यूडीपी हे नेटवर्कवर बोलण्याचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल, ६५०२ वर लिहायचे बाकीच. मायक्रोचिपच्या ईएनसी२८जे६० चं तसंच. पिना कमी लागतात, पण प्रोटोकॉलचा भार प्रोसेसरवरच राहतो, आणि तिचा बफर (पॅकेट तात्पुरती ठेवायची जागा) ८ किलोबाइटचा.

दुसरी वाट विझनेटच्या डब्ल्यू५५०० ची. हिच्यात यूडीपी आणि टीसीपी हे प्रोटोकॉल चिपमध्येच घडवलेले आहेत, आठ सॉकेट (एकाच वेळी चालणारी वेगवेगळी संभाषणं) आहेत आणि ३२ किलोबाइटचा स्वतःचा बफर. एसपीआयच्या (चिपशी एकेक बिट बोलण्याच्या जोडणीच्या) चार तारा, शिवाय रिसेट आणि इंटरप्ट. ज्या यंत्राची सगळी मिळून रॅमच ३२ किलोबाइट, त्याला तेवढाच बफर बाहेर मिळतो. पॅकेट ठेवायला मुख्य मेमरीतला एकही बाइट लागत नाही.

तिसरी वाट सगळ्यात जुनी आणि सगळ्यात अवघड. बीबीसी मायक्रोचं स्वतःचं नेटवर्क होतं, इकोनेट. एका जाळ्यात २५४ यंत्रं, प्रत्येकाला क्रमांक. मोटोरोलाची ६८बी५४ ही चिप ते सांभाळायची आणि एकॉर्नचा नेटवर्क रॉम (चिपमध्ये कायमचा भरलेला प्रोग्राम) तिच्याशी थेट बोलायचा. एफपीजीएत त्या चिपचीच नक्कल केली तर मूळ रॉम जसाच्या तसा चालेल आणि त्याच्या खालचं जग इथरनेटचं असेल. एकॉर्ननं पुढे इकोनेटचे निरोप यूडीपीवरून, ३२७६८ या पोर्टवर, नेण्याची एयूएन ही पद्धत काढलीच होती. पण मूळ तारेवर प्रत्येक निरोपाला चार पायऱ्या असतात: आधी चाहूल, तिची पोच, मग मजकूर, मग त्याची पोच. एयूएनमध्ये फक्त मजकूर आणि पोच. म्हणजे चाहुलीची पोच आमच्या नकली चिपनं स्वतःच द्यायची, मजकूर येईपर्यंत थांबायचं आणि मग एकत्र पाठवायचं. त्यासाठी आत आणखी एक छोटा प्रोसेसर लागला असता.

आम्ही डब्ल्यू५५०० घेतली. मॉड्यूल स्वस्त होतं, पिना पुरत होत्या, चार महिन्यांत होण्यासारखं होतं. कारणं सगळी खरी होती. पण ती कारणं कुठून आली हे आज नोंदवणं मला गरजेचं वाटतं. ती आली डेटाशीटांतून, म्हणजे चिपांच्या माहितीपत्रकांतून, आणि पिनांच्या नकाशातून. सरांच्या एकेचाळीस प्रोग्रामांपैकी एकही त्या तीन आठवड्यांत आम्ही उघडून पाहिला नाही.

वरच्या थराचा निर्णय मात्र नातीमुळे बरा झाला. माझं म्हणणं होतं की टीसीपीवर आपलाच सुटसुटीत प्रोटोकॉल लिहू: नाव पाठवा, फाइल घ्या. ती म्हणाली, "काका, एयूएनच वापरू. नाहीतर चूक आपल्या रॉममध्ये आहे की आपल्या सर्व्हरमध्ये हे कधीच कळणार नाही." एयूएन बोलणारे सर्व्हर तयार मिळतात. एक बाजू माहितीची आणि खात्रीची असली की शोध अर्ध्यावर येतो. तिचं ऐकलं हे फार चांगलं झालं. त्याचा फायदा शेवटी वेगळ्याच ठिकाणी झाला.

काय केलं

बीबीसी मायक्रोच्या पत्त्यांमध्ये 'फ्रेड' नावाचं २५६ पत्त्यांचं पान बाहेरच्या उपकरणांसाठी ठेवलेलं आहे, आणि त्याचा शेवटचा चतुर्थांश वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या जोडण्यांसाठी. आमची रजिस्टरं, म्हणजे चिपशी देवाणघेवाण करायची घरं, तिथे बसवली. या पानाला हात लावला की २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यापुरता १ मेगाहर्ट्झच्या चालीवर येतो. मूळ यंत्रात तसं होतं म्हणून प्रतिकृतीतही तसंच आहे.

पहिला अडथळा इथेच. डेटाचं एक रजिस्टर असं केलं होतं की प्रोसेसरनं ते वाचलं की चिपमधून पुढचा बाइट आपोआप यावा. पण एफपीजीएतलं मुख्य घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं आणि प्रोसेसर त्यातल्या दर चोविसाव्या ठोक्याला एक पाऊल टाकतो. वाचनाचा पत्ता मधल्या सगळ्या ठोक्यांना तसाच उभा असतो. आमचं सर्किट तेवढ्या वेळात एकाऐवजी तीन-चार बाइट पुढे पळायचं. वाचन संपण्याच्या ठोक्यालाच एकदा पुढे सरकायचं असं केल्यावर वाचन सुधारलं.

लिहिणं तरीही बिघडलेलं. शहराचं नाव रोमन अक्षरांत पाठवलं तर सर्व्हरवर प्रत्येक अक्षरानंतर एक भलताच बाइट यायचा. चार दिवस आम्ही एसपीआयच्या तारांकडे बघत होतो आणि चूक तारांत नव्हतीच. ६५०२ ची एक जुनी खोड आहे. एक्स रजिस्टरनं सरकवलेल्या पत्त्यावर लिहिण्याआधी तो त्या पत्त्याचं एक निरर्थक वाचन करतो. आमची लिहिण्याची रुटीन नेमकी तशीच होती. त्यामुळे प्रत्येक लिहिण्याच्या आधी एक वाचन घडे, ते वाचन 'पुढचा बाइट आण' असं चिपला सांगे आणि जागा एकानं पुढे सरके. खऱ्या यंत्रावरही हेच झालं असतं. प्रतिकृती इतकी प्रामाणिक होती की मूळची खोडही तिच्यात उतरली होती. वाचायचा पत्ता आणि लिहायचा पत्ता वेगळे केले, तेव्हा प्रश्न मिटला. ज्या रजिस्टरच्या वाचनानं काही बदलतं, त्याच पत्त्यावर लिहिण्याचं काम ठेवू नये. ६५०२ साठी हार्डवेअर करणाऱ्यानं हे पहिल्या दिवशीच पाळायला हवं.

यानंतर दोन आठवडे गेले ते माझ्या एका हट्टापायी. डब्ल्यू५५०० च्या डेटाशीटमध्ये एसपीआयचा वेग ८० मेगाहर्ट्झपर्यंत लिहिलेला आहे, हमी ३३.३ ची. मला ४८ हवा होता, मुख्य घड्याळाइतका. मॉड्यूल वीतभर जंपर तारांनी जोडलेलं. चिपची आवृत्ती सांगणारं रजिस्टर नेहमी ४ द्यायला हवं. आमच्याकडे कधी ४ येई, कधी २. आकडा निम्मा होणं म्हणजे बिट एका घरानं उशिरा येणं. घड्याळाची कड चिपपर्यंत जाते, चिप उत्तर काढते, ते तारेतून परत येतं, आणि तोवर आमचं सर्किट आधीचाच बिट वाचून मोकळं झालेलं असतं. ४८ मेगाहर्ट्झला अर्धा ठोका जेमतेम १० नॅनोसेकंदांचा. मी तारा आखूड केल्या, जमिनीची तार प्रत्येकाशेजारी नेली, जेल रोडवरून चांगले हेडर आणले, वाचायची कड पुढे सरकवली. २४ वर बरं चाले, पण एका बोर्डावर दिवसातून एखादी चूक होईच.

एका रविवारी नातीनं कागदावर गणित मांडलं. ६५०२ ला एक बाइट रजिस्टरमधून उचलून मेमरीत ठेवायला चार सूचनांचा फेरा लागतो: उचल, ठेव, मोजणी वाढव, परत जा. ४, ६, २ आणि ३ असे १५ ठोके, म्हणजे साडेसात मायक्रोसेकंद. फ्रेडचं थांबणं धरून सुमारे ८. एसपीआय १२ मेगाहर्ट्झवर ठेवला तरी एक बाइट पाऊण मायक्रोसेकंदाच्या आत हातात असतो. म्हणजे मी ज्या वेगामागे लागलो होतो तो वापरणारं कुणी त्या यंत्रात नव्हतंच. ८ मायक्रोसेकंदाच्या हिशेबानं २० किलोबाइटचं पूर्ण चित्र सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात मेमरीत येतं, वर पॅकेटांचा थोडा वेळ. मी १२ वर ठेवलं. त्यानंतर आवृत्तीच्या रजिस्टरमधून पुन्हा कधी २ आलेला नाही.

हे गणित पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत झालं असतं, आणि ते दोन आठवडे पुढे जिथे हवे होते तिथे मिळाले असते.

किरकोळ गोष्टी लवकर सुटल्या. आलेल्या डेटाची लांबी सांगणारं १६ बिटांचं रजिस्टर वाचताना मधेच नवं पॅकेट आलं तर अर्धा आकडा जुना आणि अर्धा नवा येतो. दोनदा वाचून दोन्ही आकडे जुळले तरच मानायचे, असं डेटाशीटच सांगतं. सर्व्हर बंद असेल तर चिप पत्ता शोधत १.८ सेकंद थांबते. तेवढ्यात सरांना यंत्र अडकल्यासारखं वाटे, म्हणून पडद्यावर एक ठिपका दाखवला.

मेमरीचा निर्णय मात्र नीट विचार करून घेतला, आणि तो मला आजही पटतो. बीबीसी मायक्रोत फाइल यंत्रणेचा रॉम मुख्य मेमरीतली थोडी जागा कामाला घेतो आणि बेसिकच्या प्रोग्रामची सुरुवात तेवढी वर सरकते. नुसती कॅसेट असेल तर प्रोग्राम मेमरीतल्या ३,५८४ या पत्त्यापासून सुरू होतो, डिस्क यंत्रणा असेल तर ६,४०० पासून. चार रंगांच्या मोड १ मध्ये पडदा १२,२८८ पासूनची २० किलोबाइट घेतो. मग प्रोग्रामला उरतात ५,८८८ बाइट. सरांनी तेव्हा तेवढ्यात घट्ट बसवून लिहिलं होतं. भिंगाचा प्रोग्राम आणि एक आलेखांचा, या दोन्हींत शंभर बाइटही मोकळे नव्हते. आमच्या रॉमनं आणखी ५१२ बाइट घेतले असते तर ते दोन्ही 'जागा नाही' म्हणून थांबले असते, आणि प्रोग्रामची ओळ न बदलण्याची अट मोडली असती. खऱ्या यंत्रात रॉम तो रॉमच. एफपीजीएत तसं नाही. रॉमचा १६ किलोबाइटचा कप्पा आहे, त्याचा वरचा २ किलोबाइट भाग आम्ही लिहिता येण्याजोगा केला आणि रॉमची सगळी कामाची जागा तिथेच ठेवली. मुख्य मेमरीतलं काहीही हललं नाही. भिंगाचा प्रोग्राम नेटवर्कवरून पहिल्यांदा चढला आणि पिवळे किरण पडद्यावर वाकले. सर काही न बोलता खुर्ची पुढे ओढून बसले.

वेळ कमी उरला होता, म्हणून रॉममध्ये काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे मी ठरवलं. बीबीसी मायक्रोची फाइल यंत्रणा सात दारांतून बोलते. अख्खी फाइल आणणं-ठेवणं हे एक दार, '*' चे हुकूम हे दुसरं. ही दोन पूर्ण केली. उघडलेल्या फाइलीतून एकेक बाइट वाचणं-लिहिणं या दारांवर 'सोय नाही' असा निरोप ठेवला. सरांचे प्रोग्राम चढवायचे आणि चालवायचे असतात, असं मी धरून चाललो. वरवरच्या पाच फ्लॉप्या पाहिल्या होत्या, त्यांत तसंच होतं.

शाळेतला दिवस

मेळाव्याच्या दोन दिवस आधी चार बोर्ड, एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि एक स्विच (इथरनेटच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो. घरी टेबलावर इथरनेटची तार एकच होती, त्यामुळे आजवर चाचणी नेहमी एका बोर्डाची झाली होती. इथे चार लावले. एकेक करून चारही चालले. दोन मुलांनी एकदम प्रोग्राम मागवले तर एक रडतखडत पूर्ण होई आणि दुसरा दमून थांबे. स्विच बदलला, तारा बदलल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला. प्रयोगशाळेतले सहायक बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "सर, एक-एक करके तो सब चल रहे हैं. साथ में ही लड़ते हैं."

ते वाक्य ऐकून नात उठली आणि सर्व्हरच्या एआरपीच्या तक्त्याकडे गेली. कुठला आयपी पत्ता कुठल्या मॅक पत्त्याचा, म्हणजे नेटवर्क-चिपच्या स्वतःच्या क्रमांकाचा, हे त्यात असतं. चार आयपी पत्ते, चौघांचा मॅक पत्ता एकच. डब्ल्यू५५०० ला स्वतःचा मॅक पत्ता नसतो, तो आपण लिहावा लागतो. मी सुरुवातीला नमुन्याच्या कोडमधून एक उचलला होता आणि तोच चारही बोर्डांवर गेला. स्विच शेवटी ज्या तारेवरून तो पत्ता ऐकतो, तिकडेच उत्तर पाठवतो. एकट्यानं विचारलं तर उत्तर त्यालाच मिळतं. दोघांनी विचारलं की पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या दारी जातं आणि तिथे आयपी जुळत नाही म्हणून टाकून दिलं जातं.

दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली, आणि ती मला सगळ्या कामातली सर्वांत नेटकी गोष्ट वाटते. मूळ इकोनेटमध्ये यंत्राचा क्रमांक बोर्डावरच्या तारांच्या दुव्यांनी ठरवत. आम्हीही दोन पिनांवर जंपर बसवले. दोन जंपर म्हणजे चार क्रमांक. त्या क्रमांकावरून इकोनेटचा स्थानक क्रमांक, आयपीचा शेवटचा आकडा आणि मॅकचा शेवटचा बाइट असे तिन्ही निघतात. मॅकच्या पहिल्या बाइटमध्ये खालून दुसरा बिट १ ठेवला, म्हणजे हा पत्ता स्थानिक वापरापुरता आहे हे कळतं आणि कुठल्याही कारखान्याच्या पत्त्याशी तो भिडत नाही. कार्डांची अदलाबदल झाली तरी क्रमांक बोर्डाजवळच राहतो.

निष्पत्ती

मेळाव्यात चारही यंत्रं दिवसभर चालली. पन्नाशीला आलेली माणसं पाढ्यांच्या प्रोग्रामपुढे रांगेत उभी होती. कपाट एकच होतं आणि चौघंही त्यातून घेत होते. सरांनी दुपारी एका प्रोग्राममधली चूक तिथेच दुरुस्त केली आणि पुढच्या क्षणी ती शेजारच्या यंत्रावर दिसली.

मग एका बाईंनी विचारलं, "सर, आमच्या बॅचचं गुणपत्रक आहे का हो?" सरांनी उत्साहानं तो प्रोग्राम चढवला. तो चढला, चालू झाला, वर्गाचं नाव देवनागरीत विचारलं आणि फाइल उघडायला गेला. पडद्यावर माझाच निरोप आला: सोय नाही.

सरांनी दुसरा लावला, तिसरा लावला. मग त्या बाईंना म्हणाले की घरी या, तिथे कार्डावरून दाखवतो. मला काही बोलले नाहीत. घरी परतल्यावर त्यांनी सहा फ्लॉप्या वेगळ्या काढून रबर लावून ठेवल्या. पस्तीस चालले, सहा नाहीत. ते सहा गुणपत्रकाचे आणि हजेरीचे. त्यांत मुलांची नावं होती.

वेगळं काय करता आलं असतं

बीबीसी बेसिक प्रोग्राममधला प्रत्येक राखीव शब्द एका बाइटमध्ये साठवतं. फाइल उघडण्याच्या तीन शब्दांचे आकडे आहेत १४२, १७३ आणि १७४. मेळाव्यानंतर नातीनं एकेचाळीस फाइलींत हे तीन बाइट शोधणारा प्रोग्राम लिहिला. काही ठिकाणी ते आकडे दुसऱ्याच अर्थानं आले होते, ते गाळल्यावर सहा नावं उरली. नेमकी तीच. पंधरा मिनिटांचं काम. ते पर्याय मांडण्याआधी केलं असतं तर तीन आठवड्यांची आमची चर्चा पहिल्या संध्याकाळीच वेगळ्या जागी सुरू झाली असती.

मग डब्ल्यू५५०० घेतलीच नसती का? मला तसं वाटत नाही. इकोनेटच्या चिपची नक्कल केली असती तर मूळ रॉमबरोबर सातही दारं आयती मिळाली असती हे खरं, पण चार महिन्यांत ती नक्कल पूर्ण झाली नसती आणि मेळाव्यात एकही यंत्र उभं राहिलं नसतं. चिपची निवड योग्य होती. रॉममध्ये काय सोडायचं हे मी सरांना न विचारता ठरवलं, ते चुकलं. वेगाच्या मागे घालवलेल्या दोन आठवड्यांत ती उरलेली दारं बसली असती. आणि चार यंत्रांसाठी बांधत असताना एकाच यंत्रावर चाचणी करत राहणं, याला काही सबब नाही. जास्तीच्या तीन तारा आणि एक लहान स्विच पहिल्या महिन्यात आणायला हवा होता.

एयूएन निवडल्याचा फायदा आता होतो आहे. इकोनेटच्या फाइल सर्व्हरला फाइल उघडणं, एक बाइट घेणं, एक बाइट ठेवणं हे सगळं येतंच. सर्व्हरला हात लावावा लागला नाही, काम फक्त रॉमचं उरलं. एकेका बाइटसाठी एकेक पॅकेट पाठवणं फार संथ होतं, म्हणून कप्प्यातल्या त्या लिहित्या २ किलोबाइटमध्ये २५६ बाइटांचे तुकडे ठेवतो आणि तुकडा संपला की पुढचा मागवतो. वाचन आता चालतं. लिहिण्यापाशी मात्र आम्ही पुन्हा अडलो. दोन यंत्रांवर एकच गुणपत्रक उघडलं आणि दोघांनीही लिहिलं तर तुकडे एकमेकांवर चढतील. तुकड्यांना कुलूप लावायचं, की प्रत्येक बदल लगेच पाठवायचा, की शेवटी दोन्ही प्रती जुळवायच्या, यावर मी आणि नात तासभर बोलत होतो. या वेळी सरांना विचारलं.

ते म्हणाले, "रजिस्टर एका वेळी एकाच शिक्षकाच्या हातात असायचं. दुसऱ्याला हवं असेल तर तो स्टाफरूममध्ये थांबायचा."

तसंच केलं. लिहिण्यासाठी उघडलेली फाइल दुसऱ्या यंत्राला लिहिण्यासाठी मिळत नाही, वाचायला मिळते. सहापैकी चार फ्लॉप्यांवरचं रबर आता निघालं आहे. उरलेल्या दोन हजेरीच्या आहेत, त्यांच्या फाइली मधूनच उघडून लिहिल्या जातात. ते दार नात या सुट्टीत बसवते आहे.